बाराव्या उड्डाणाचा कापूस

मित्रांनो, मी एक जुना अग्निबाण आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये, अशीच खरे तर माझी इच्छा आहे. पण सांगितल्याशिवाय सुटका नाही.

आजची मुले मला रॉकेट म्हणतात. ज्या घरात मी जन्मलो तिथे सगळे मला नुसते 'बाण' म्हणत. उंची माझी सव्वा हात, वजन एका कांद्याइतके. अंग तांबडे, पंख पांढरे आणि नाक मात्र निळे. तीन पंखांपैकी एक जरा वाकडा आहे. नाक वेगळ्या रंगाचे का आणि पंख वाकडा कसा, हे पुढे येईलच.

मला स्वतःचे तोंड नाही. माझे नाक निघते आणि पोट उघडते, पण त्यातून शब्द येत नाहीत, छत्री येते. म्हणून या बाईंनी मला हातात धरले आहे आणि मी त्यांच्या तोंडून बोलतो. गेली वीस वर्षे आमची ही भागीदारी चालू आहे. मुलांना बाण उडवायला शिकवणाऱ्या आमच्या मंडळात दर वर्षी नव्या मुलांची तुकडी आली की बाई मला कपाटातून काढतात, माझ्यावर फुंकर मारतात आणि मी सुरू होतो. या बाई म्हणजेच माझ्या घरातली धाकटी. मी तिला आठ वर्षांची असताना पाहिले आहे, म्हणून जुन्या गोष्टी सांगताना मी तिला अहो-जाहो करत नाही. तुम्ही मात्र करा.

आजचे माझे बोलणे शेवटचे. ते बघा, कानावर पेन्सिल ठेवून सुतार उभे आहेत. मंडळासाठी ही काचेची पेटी त्यांनीच बनवली. माझे बोलून झाले की मला तिच्यात ठेवतील, शेजारी हे पिवळे पडलेले पत्रक ठेवतील, वर काच बसवतील आणि चार स्क्रू आवळतील. मग मलाही बोलता येणार नाही आणि पत्रकावरही कुणाला काही लिहिता येणार नाही.

"बाई, मला अजून दोन दारं बसवायचीत," सुतार आत्ताच म्हणाले. "बाणाला म्हणावं, जरा आवरतं घे."

घेतो. पण आधी पत्रक वाचा. पुढच्या रांगेतून दिसेल. 'बारावे उड्डाण. गाठ सुटली. चूक माझी.' खाली थोरलीची सही आहे. थोरली म्हणजे धाकटीची मोठी बहीण.

मित्रांनो, हे पत्रक चुकीचे आहे. गाठ सुटली नव्हती. थोरलीची काहीही चूक नव्हती. सेहेचाळीस वर्षे मी ही गोष्ट पोटात ठेवली. काच बसायच्या आत मला ती बाहेर काढायची आहे.

आणि हो, मागच्या बाकावर पांढऱ्या केसांच्या एक बाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या आहेत. तीच ती थोरली. आज सकाळच्या गाडीने आली. वळून बघू नका. मीही बघत नाही.

तर माझा जन्म. बाबा पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काम करत. तिथे त्यांना सगळे 'अर्धा सूत' म्हणत, कारण कुठलीही वस्तू हातात दिली की त्यांना ती अर्धा सूत तरी कमी किंवा जास्त दिसायचीच. घरातले स्टूल, आईचे पोळपाट, शेजाऱ्यांचे दार, कशाचीही सुटका नव्हती. अशा माणसाच्या हातून मी घडलो, म्हणून मी सरळ आहे. अंगाने तरी.

त्यांनी एक लोखंडी कांब लेथवर घासून गुळगुळीत केली आणि तिला मेण लावले. मेण लावले नसते तर मी जन्मभर तिलाच चिकटून बसलो असतो. मग तपकिरी कागदाची पट्टी खळ लावत तिच्यावर तिरकी गुंडाळली. त्यावर उलट्या बाजूने दुसरी आणि मग तिसरी. चार दिवस मी अंगणात कपड्यांच्या दोरीवर, पायमोज्यांच्या शेजारी वाळत होतो.

"अहो, हा बांबू काढा इथून. माझ्या चादरीला खळ लागतेय," आई ओरडली.

"बांबू नाही तो. अग्निबाण आहे."

"मग त्याला म्हणावं वर जा. खाली माझे कपडे आहेत."

माझे नाक बाबांनी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या लेथवर काढले. डबा न खाता घरी आला म्हणून आईने त्या दिवशी त्यांच्याशी अबोला धरला. पंख बाल्साचे. बाल्सा हे पिसासारखे हलके लाकूड असते. त्याच्या रेषा पंखाच्या कडेला धरून बाहेरच्या दिशेने जाव्या लागतात, नाहीतर पंख बिस्किटासारखा मोडतो. पंख घासायचे काम धाकटीकडे होते. ती घासायची कमी आणि बोलायची जास्त. घरात तिचे नावच टिटवी पडले होते. आपण एकदा बाणाच्या आत बसून वर जाऊन आलो, असे तिने गल्लीतल्या चार मुलांना पटवले होते. पाचव्याने विचारले, "मावलीस कशी?" त्यावर ती म्हणाली, "श्वास सोडून."

"या पोरीचं बोलणं म्हणजे ओली खळ," बाबा म्हणायचे. "वाळल्यावर किती उरेल, देव जाणे."

थोरली तेव्हा चौदा वर्षांची होती. ती फार बोलत नसे. माझी छत्री तिने शिवली. आईच्या जुन्या कोटाचे रेशमी अस्तर उसवून तिने त्यातून आठ कोनांचा तुकडा कापला, कडा दुमडून मशीन मारली आणि आठ कोनांना आठ दोऱ्या लावल्या. छत्रीला आणि नाकाला माझ्या पोटाशी बांधून ठेवणारा लवचीक दोरही तिनेच लावला. तिची गाठ सुटली असे मी तरी कधी पाहिले नाही. आई लोणच्याच्या बरणीचे फडके तिच्याकडून बांधून घेई आणि मग महिनाभर कुणालाच लोणचे मिळत नसे.

उडवण्याआधी माझी परीक्षा झाली. माझ्या पोटाला दोरी बांधून बाबांनी मला डोक्याभोवती गरगर फिरवले. नाक पुढे ठेवून मी सरळ फिरलो तर आकाशातही सरळ जाणार, हा हिशेब. मी सरळ फिरलो. दोरी मात्र नेमकी आई चहा घेऊन येत होती त्या बाजूला गेली. कप वाचला. बशी गेली.

आणि मग पहिले उड्डाण! बाबांनी बटण दाबले, मी तीन हात लांब कांबीवरून सुटलो ते थेट वर. घारींच्या वर, त्यांच्या नातेवाइकांच्याही वर. एका ढगाच्या टकलावर मी टिचकी मारली. तो म्हणाला, "कोण रे?" मी म्हणालो, "अर्धा सूतचा मुलगा." चारशे मीटर गेलो मी, मित्रांनो!

"बाई," पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी हात वर करते आहे, "मागच्या वर्षी माझ्या दादाला तुम्ही तीनशे मीटर सांगितलं होतं."

मागच्या वर्षी ढग खाली होते, बाळ.

बरे, ठीक आहे. थोरली शंभर मीटरवर उभी राहून कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून माझा कोन मोजे. बाबा हातावरच पेनाने उंचीचे गणित करत. पहिल्या दिवशी मी एकशे बत्तीस मीटर गेलो होतो. झाले समाधान? बाबांच्या तळहातावर ते एकशे बत्तीस दोन दिवस होते. ते हात धुवायला तयार नव्हते. आई म्हणाली, "मग जेवा डाव्या हाताने."

आता मला तुम्हाला कापसाबद्दल सांगायला हवे. मी बराच वेळ टाळतो आहे, हे तुमच्याही लक्षात आले असेल.

माझ्या पोटात खाली दारूची नळी असते आणि वर घडी घातलेली छत्री. मी पुरेसा उंच गेलो की ती नळी एक शेवटची ढेकर देते. त्या धक्क्याने माझे नाक उडते, छत्री बाहेर पडून उघडते आणि मी डुलत डुलत खाली येतो. पण ती ढेकर आगीसारखी गरम असते. म्हणून नळी आणि छत्री यांच्या मध्ये कापूस भरतात. साधा कापूस नव्हे. औषधाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला, न जळणारा कापूस. बाबा तो एका चपट्या पत्र्याच्या डबीत ठेवत. मुठीएवढा कापूस, पण तो नसेल तर छत्री आणि दोर आतल्या आत भाजून निघतात.

कापूस भरणे हे धाकटीचे काम होते. तिची बोटे बारीक होती ना.

दर उड्डाणाआधी बाबा उजळणी घेत. बाबा विचारणार आणि ज्याचे काम त्याने मोठ्याने उत्तर द्यायचे.

"कापूस?"

"घातला," धाकटी म्हणे.

"छत्री?"

"पावडर लावून घडी घातली," थोरली म्हणे.

"दोर?"

"बांधला."

"नाक?"

"घट्ट नाही, सैल नाही."

"चावी?"

"माझ्या खिशात," असे बाबा स्वतःच म्हणत. बटणाच्या पेटीला चावी लागे. जो माझ्यापाशी येऊन तारा जोडणार, चावी त्याच्या खिशात. तो माझ्याजवळ असताना मागे कुणाला चुकूनही बटण दाबता येऊ नये, म्हणून ही पद्धत. चावी ज्याची, मैदान त्याचे.

आणि दोन नियम होते. काही चुकले तर ज्याची चूक त्याने उड्डाणाच्या पत्रकावर स्वतःच्या हाताने लिहायचे आणि एक हंगाम कशालाही हात लावायचा नाही. ओरडा नाही, मार नाही. पण उजळणीत कुणी खोटे उत्तर दिले तर त्याला मैदान कायमचे बंद. "चुकीला माझ्याकडे पेन्सिल आहे," बाबा म्हणत. "खोट्याला नाही." असे म्हणताना ते धाकटीकडे बघत, कारण खोटे बोलण्यात घरात तिचा हात कुणी धरू शकत नव्हते. मागच्या हिवाळ्यात तिने पंखावर बसून पंख मोडला आणि मांजराचे नाव सांगितले. आमच्याकडे मांजर नव्हते. "आणखी एक थाप, टिटवे," बाबा म्हणाले होते, "की तू घरी आणि बाण मैदानावर."

अकरा उड्डाणे झाली. अकराही वेळा मी छत्रीला लटकून अलगद खाली आलो. पत्रकांवर सगळीकडे 'ठीक' लिहिलेले आहे. बाबांकडून 'ठीक' म्हणजे काय, ते कारखान्यातल्यांना विचारा. मला तेव्हा फार गर्व झाला होता. शेजारचे लोक मला हातात घेऊन बघत, मुले माझा वास घेऊन बघत. वासही छान येई, फटाक्यांसारखा.

मग आला बारावा दिवस.

कारखान्याच्या मागच्या मैदानात त्या दिवशी सगळे कामगार आपल्या घरच्यांना घेऊन आले होते. शे-सव्वाशे माणसे असतील. बाबांनी आधीच जाहीर केले होते, "हे उड्डाण झालं की चावी थोरलीची." थोरली पहिल्या उड्डाणापासून या दिवसाची वाट बघत होती. चावी ठेवायला तिने छत्रीच्या उरलेल्या अस्तराची एक लहान पिशवी शिवली होती, गळ्यात घालायची. सकाळपासून तिने ती पिशवी चार वेळा इस्त्री केली. आई म्हणाली, "अगं, जळेल ती, पुरे."

वारा होता. धाकटी एका खोक्यावर बसून मला भरत होती. भोवती कामगारांची मुले जमली होती आणि ती त्यांना सांगत होती, की वर गेले की आपले घर काडेपेटीएवढे दिसते, आणि आई मुंगीएवढी असते, पण ओरडलेले तेवढेच ऐकू येते. मुले हसत होती. तिला अजून सांगावेसे वाटत होते. सांगता सांगता तिने मला भरले, नाक बसवले आणि थोरलीच्या हातात दिले.

"कापूस?" बाबांनी विचारले.

आता ऐका, मित्रांनो. ही माझी कबुली आहे.

धाकटीने कापूस घातला होता. हो, घातला होता. व्यवस्थित, मुठीएवढा. पण माझे डोके फिरले होते. अकरा वेळा कौतुक ऐकून मला वाटायला लागले होते, की छत्री-बित्री म्हाताऱ्यांना हवी, मला काय करायची! त्यात त्या कापसाने माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. सगळे उजळणी ऐकत होते, तेवढ्यात मी हळूच तो थुंकून टाकला. वारा होताच. गेला उडून. कुणाला दिसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, शे-सव्वाशे माणसे, बाबा, थोरली. तेव्हाच सांगितले असते तर नाक काढायचे, छत्री काढायची, कापूस घालायचा, दोन मिनिटांचे काम. पण इतक्या लोकांसमोर कसे सांगणार? माझा हात खिशात तसाच... माझा पंख म्हणजे. पंख तसाच राहिला. मी गप्प बसलो.

"घातला," धाकटी म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत!

बाबांनी तारा जोडल्या, मागे येऊन चावी फिरवली आणि उलटे आकडे मोजले. मी गेलो. फार सुंदर गेलो. वर पोहोचलो आणि नळीने ढेकर दिली. त्या क्षणी मला कळले, की छत्री किती चांगली होती. ती आतच भाजली. दोर जळून तुटला. नाक आणि छत्रीचा गोळा एकीकडे गेला, मैदानापलीकडच्या कालव्यात पडला आणि वाहून गेला. मी दुसरीकडे, गरगरत. खालून सगळे 'अरे अरे' करत होते. शेताच्या बांधावर मी एका पंखावर आपटलो. तोच हा वाकडा पंख. नाक नवीन आहे. निळा रंग घरात शिल्लक होता, म्हणून ते निळे.

सगळे पळत सुटले. थोरली सगळ्यांच्या पुढे होती. ती माझ्यापाशी पोहोचली, गुडघ्यांवर बसली, मला उचलले आणि पाठ वळवून मिनिटभर तोंडाशी धरून बसली. लांबून एवढेच दिसत होते, की तिचे खांदे हलत आहेत. ती रडत होती.

बाबा पोहोचले तेव्हा ती उभी राहिली. दोराचे लोंबणारे टोक तिने त्यांना दाखवले.

"गाठ सुटली, बाबा. मीच बांधली होती."

बाबांनी टोक बघितले. तिच्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. मग त्यांनी खिशातून पत्रक आणि पेन्सिल काढली आणि तिच्यापुढे धरली. शे-सव्वाशे माणसांसमोर तिने गुडघ्यावर पत्रक ठेवून लिहिले. जे आता या पेटीत जाणार आहे तेच.

तिला वाटले असणार, की गाठच सुटली. भल्या माणसांना आपलीच चूक आधी दिसते.

चावी तिला मिळाली नाही. एक हंगाम तिने नियमाप्रमाणे कशालाही हात लावला नाही. हंगाम संपल्यावर बाबांनी स्वतःहून चावी पुढे केली, तर ती म्हणाली, "मला अभ्यास आहे. टिटवीला द्या." आणि गळ्यात घालायची ती अस्तराची पिशवीही देऊन टाकली. चावीसकट. ती पिशवी बघा, अजून बाईंच्या गळ्यात आहे. पुढे थोरली टपाल खात्यात लागली, गाव बदलले, लग्न झाले. मैदानावर ती पुन्हा आली नाही. धाकटीने मात्र त्या चावीवर जन्म काढला. एवढी मुले शिकवली, मंडळ उभे केले, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोतही पिशवी दिसते.

मला पुन्हा कुणी उडवले नाही. धाकटीला माझ्याकडे बघवत नसे. तिने मला बुटांच्या खोक्यात घालून कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवले. तिथे मी सव्वीस वर्षे होतो. झुरळांनी माझी खळ खाल्ली. कधीकधी ती स्टुलावर चढे, खोके काढी, माझ्या पोटात बोट घालून आत कापूस आहे का बघे आणि परत ठेवून देई. बाबा गेले त्या वर्षी तिने मला खाली काढले आणि मुलांपुढे बोलते केले. दर वर्षी मी नवी कारणे सांगितली. एकदा वीज पडली म्हणालो. एकदा घारीने छत्री पळवली. एकदा तर ढगानेच दोर कुरतडला. मुले हसायची. हसून झाल्यावर बाई घरी जाऊन जेवायच्या नाहीत.

बाबांना मात्र खरे काय ते कुणी सांगितले नाही. वेळ होता. शेवटचे चार महिने ते खाटेवरच होते आणि रोज संध्याकाळी मी, म्हणजे धाकटी, त्यांच्या शेजारी बसत असे. ते म्हणत, "बोल ना काहीतरी, टिटवे." आणि ती ढगाच्या टकलाची गोष्ट सांगत असे.

झाले, सुतारदादा. संपतच आले.

तर मित्रांनो, दोष माझा आहे. एका गर्विष्ठ बाणाचा. पत्रकाशेजारी तशी चिठ्ठी लावा, म्हणजे थोरलीचे नाव मोकळे होईल आणि कुणालाच काही लागणार नाही. माझ्यावरून एवढे शिका, की आपल्या वस्तू जपून वापरा. पंखावर बसू नका. कापूस मोजून घाला. आणि ज्याची चूक असेल त्याने ती वेळच्या वेळी...

"खोटं."

मागच्या बाकावरून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. बाईंचे तोंड उघडेच राहिले, त्यामुळे माझेही.

थोरली उठली होती. पर्स काखेत मारून ती बाकांच्या मधून पुढे आली.

"बाण कापूस थुंकत नाही," ती म्हणाली. "आणि मी तिथे रडत नव्हते."

"ताई," बाई म्हणाल्या. हे मी बोललो नाही, मित्रांनो. हा आवाज त्यांचा स्वतःचा होता. फार दिवसांनी ऐकला.

"दोराचं टोक जळून काळं झालं होतं. बाबांच्या नाकाला वास लागायच्या आत मी ते दातांनी तोडत होते. रबर ते, तुटतंय कुठे लवकर! दोन दिवस तोंडाला दारूची चव होती."

"तुला... कधीपासून माहीत होतं?"

"उजळणीपासून. बाबांनी कापूस विचारला तेव्हा तुझा हात फ्रॉकच्या खिशात गेला आणि तिथेच राहिला. कापूस त्या खिशातच होता. मला वाटलं, आता सांगेल, आता सांगेल. मीही नाही बोलले. तेवढी माझी चूक खरीच आहे, म्हणून 'चूक माझी' बिनदिक्कत लिहिलं."

"मग एवढी वर्षं..."

"तू आठ वर्षांची होतीस. मैदान बंद झालं असतं तर तू खिडकीला नाक लावून मेली असतीस. ते ठीक होतं. पण नंतर तू तीस वर्षांची झालीस, चाळीस वर्षांची झालीस. मी म्हटलं, आता पत्र येईल. टपालातच होते की मी! पत्र माझ्या हाताखालून गेलं असतं. तुझी पत्रं यायची, आणि त्यात ढग, घारी, विजा. आज शेवटचं म्हणून आले, तर आज गुदगुल्या!"

दोन वेण्यांची मुलगी हसायला लागली आणि मग कुणीच हसत नाही हे बघून थांबली. सुतारांनी काच भिंतीला टेकवून ठेवली.

थोरलीने मला बाईंच्या हातातून काढून घेतले. माझे निळे नाक अंगठ्याने दाबून बघितले. घट्ट नाही, सैल नाही. मग मान जरा वर करून, थेट बाबांसारखी, तिने विचारले,

"कापूस?"

बाईंचा हात साडीच्या निरीपाशी गेला, जिथे खिसा नव्हता.

"नाही घातला, ताई."

थोरलीने हात लांब करून सुतारांच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि पत्रकासकट पुढे धरली.

"लिही," ती म्हणाली. "आणि बाणाचं नाव घातलंस तर बघ."